नांदेडकर सर

लातुरात त्या काळी दोन धंदे जोरात होते. एक, मुलांना डॉक्टर-इंजिनियर करण्याचा. आणि दुसरा, ते आपणच केलं असं होर्डिंगवर सांगण्याचा. मुग्धाच्या घरात दोन्ही एकाच छपराखाली चालत. तिचा नवरा शरदचंद्र पानगावकर, म्हणजे गावाचे पानगावकर सर, फिजिक्स शिकवायचे. शिकवायचे चांगलंच, त्याबद्दल तिचीही तक्रार नव्हती. भूकंपानंतरच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पहिली बॅच घेतली तेव्हा खडू, फळा आणि आवाज एवढ्यावर भागत होतं. पुढे शेडची इमारत झाली, इमारतीला होस्टेल चिकटलं, होस्टेलला मेस चिकटली आणि सरांचा आवाज वर्गातून उठून चौकाचौकांतल्या होर्डिंगवर जाऊन बसला. "जमीन हलली, पण लातूरची गुणवत्ता हलली नाही!" हे वाक्य त्यांचंच. माहितीपत्रकावर, डायरीवर, मुलांच्या टी-शर्टच्या पाठीवर, सगळीकडे ते छापलेलं असे.

मुग्धाला हे वाक्य कधीच सोसलं नाही. ती नांदेडची. भूकंप झाला त्या वर्षी ती बी.एस्सी.ला होती आणि कॉलेजातून मुलामुलींची जी तुकडी किल्लारीच्या बाजूला मदतीला गेली तिच्यात होती. तिकडे काय पाहिलं ते तिने माहेरीही नीट सांगितलं नाही. पण ज्याला त्या पहाटेचं यमक जुळवता येतं, तो माणूस त्या दिवशी ढिगाऱ्यापासून पुष्कळ लांब उभा असणार, हे तिचं मत लग्नानंतर पहिल्या वर्षीच पक्कं झालं.

घरात कॉम्प्युटर आला तो प्रश्नपत्रिका टाइप करायला. टाइप कोण करणार, तर मुग्धा. "तुला तेवढाच विरंगुळा," सर म्हणाले. विरंगुळा कसला! मराठीचा जुना फॉन्ट म्हणजे निव्वळ बहुरूपी. आत भलतीच अक्षरं, वरून मराठीचा मुखवटा. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे तो मुखवटा नसला, की 'गुरुत्वाकर्षण' या शब्दाच्या जागी कावळ्याने शाईत पाय बुडवून नाचल्यासारखं दिसे. छापखानेवाला फोन करायचा, "मॅडम, तुमच्या पेपरात चिनी भाषा आली." मुग्धा चिडायची, मग शोधायची. शोधता शोधता तिला युनिकोड सापडलं, जिथे 'ग' हा जगातल्या प्रत्येक मशीनवर 'ग'च असतो. त्या दुपारी तिला जो आनंद झाला तो घरात कुणाला सांगण्यासारखा नव्हता. सर म्हणाले असते, "बरं. पेपर झाला का?"

म्हणून तिने ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'कळ दाबा'. लेखकाच्या जागी स्वतःचं नाव घालायला तिचा हात धजेना. पानगावकर म्हटलं की लोकांना क्लासची जाहिरात वाटणार. तिने नुसतं 'नांदेडकर' लिहिलं. आणि मग रोज दुपारी, सर वर्गात आणि भांडी घासायची बाई गेलेली, अशा वेळी ती लिहू लागली. कुठला ब्राउझर मराठीच्या वेलांट्या नीट दाखवतो. ब्लॉगचा साचा बदलायला गेलं की आधीचे सगळे कप्पे कसे नाहीसे होतात आणि ते आधी कसे वाचवून ठेवायचे. लेख लिहिताना वीज गेली तर तो कुठे शोधायचा. फुकट मिळणारं प्रत्येक सॉफ्टवेअर ती उतरवून घ्यायची, चालवून पाहायची, वैतागायची आणि त्याची यथास्थित हजेरी घ्यायची. तिची जीभ घरात जेवढी आवरलेली, तेवढी ब्लॉगवर मोकाट. 'ज्याला कीबोर्डवर र्‍हस्व-दीर्घ सापडत नाही, त्याला ते वहीतही सापडत नसतं. त्याने कीबोर्डला शिव्या देऊ नयेत,' असली वाक्यं तिथे पानोपानी.

वाचणारे वाढले. पुण्या-मुंबईचे, दुबईचे, कॅलिफोर्नियातले. सगळे लिहायचे, 'नांदेडकर सर, आपण एवढं सोपं करून सांगता!' 'साहेब, आपल्यासारखे इंजिनियर मराठीत लिहीत नाहीत हो.' इंजिनियर! मुग्धा भाजी निवडता निवडता हसायची. कुणा एकालाही हे बाईमाणूस असेल अशी शंका आली नाही. एवढी माहिती आणि वर एवढा तोरा म्हटल्यावर पुरुषच असणार, हे जगभरच्या मराठी माणसांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिनेही त्यांचा भ्रम मोडला नाही. घरी मात्र सर तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणायचे, "चालू दे तुझा टाइमपास. संध्याकाळी दुसऱ्या युनिटची टेस्ट टाइप करून दे."

दोन हजार आठच्या पावसाळ्यात सरांना पोर्टलची बाधा झाली. समोरच्या गल्लीतल्या केमिस्ट्रीवाल्यांनी वेबसाइट काढली होती. तिच्यावर सगळीकडून अक्षरं सरपटत जायची आणि मधोमध दिवा उघडझाप करायचा. ते पाहून पानगावकर सरांना झोप लागेना. त्यांनी माणूस धरून आणला. अनिमेष त्याचं नाव. पुण्याला दोन-तीन वर्षं काढून आलेला, कार्डावर 'ई-लर्निंग कन्सल्टंट' असं छापलेला. त्याच्या वाक्यात क्रियापद तेवढं मराठी असायचं, बाकी सगळं बाहेरगावचं. "सर, आपण कंटेंट लिव्हरेज करू, ट्रॅफिक जनरेट करू," असं तो म्हणे आणि सर अशा चेहऱ्याने मान डोलवत की मुग्धाला लाज वाटे. वर्गात एखाद्या पोराने न समजता मान डोलवली तर हाच माणूस त्याला बाकावर उभं करायचा.

गणपती बसायच्या सुमारास अनिमेष काम दाखवायला घरी आला. मुग्धाने पोहे केले, चहा ठेवला. तो सोफ्यावर लॅपटॉप उघडून बसला होता, शेजारी सर पुढे वाकलेले.

"हा बघा सर, आपला यूएसपी. तंत्रज्ञान कट्टा. रोज नवीन मराठी आर्टिकल. पेरेंट्स लोकांवर इम्प्रेशन पडतं. माझी टीम लिहिते."

"वा!" सर म्हणाले. "वाचून दाखवा बरं एखादं."

अनिमेषने घसा साफ केला. "ज्याला कीबोर्डवर र्‍हस्व-दीर्घ सापडत नाही, त्याला ते वहीतही सापडत नसतं..."

मुग्धाने हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला आणि वाकून पाहिलं. तिचाच लेख. तिचीच वाक्यं, तिचीच चित्रं, एका ठिकाणी घाईत राहून गेलेला 'आणी' सुद्धा तिचाच. नाव मात्र नव्हतं. नावाच्या जागी सरांचा हसरा फोटो होता.

"फारच झकास लिहिलंय," सर म्हणाले. "जरा तिखट आहे, पण झकास. बघ मुग्धा, ह्याला म्हणतात लिहिणं. तू पण काहीबाही टाकत असतेस ना तिकडे, वाचत जा असलं."

"हो का?" मुग्धा म्हणाली. मग तिने अनिमेषला अगदी भोळेपणाने विचारलं, "हे रोज नवीन कसं येतं हो? तुम्ही रोज बसून चढवता?"

"नाही वहिनी, ऑटोमॅटिक असतं," तो पोह्यांचा घास घेत म्हणाला. "तुम्हाला टेक्निकल होईल ते."

तिला टेक्निकल झालं नाही. तिला लगेच कळलं. ब्लॉगवर काही नवं टाकलं की त्याची एक प्रत आपोआप बाहेर पडते, ज्याला हवी त्याने वाचायला घ्यावी म्हणून. तिला फीड म्हणतात. या पठ्ठ्याने तिच्या फीडला नळी लावून दुसरं टोक पानगावकर क्लासेसच्या पोर्टलमध्ये सोडलं होतं. टीम नव्हती, लिहिणं नव्हतं, वाचणंसुद्धा नव्हतं. ती इथून जे टाकेल ते जसंच्या तसं तिथे पडणार होतं. चोराने निदान माल बघून तरी उचलावा. हा घरात पाइप टाकून निघून गेला होता.

राग आला, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हसूच आलं. तिने ठरवलं, आज रात्री जेवताना सरांना सांगू. तसं झालं नाही, कारण अनिमेषने तेवढ्यात पहिलं पान उघडलं.

काळ्या पडद्यावर 'लातूर' ही तीन अक्षरं आली. घरघर असा आवाज सुरू झाला. अक्षरं थरथरू लागली, मग जोरजोरात हलू लागली, 'तू' एका बाजूला कलला, खाली विटांसारखे तुकडे पडले, धुरळा उठला. आणि धुरळ्यातून सोनेरी अक्षरं वर आली, 'पण गुणवत्ता हलली नाही'. शेवटी सरांचा फोटो, हाताची घडी घातलेला.

"तीस सप्टेंबरला लाँच," सर भारावून म्हणाले. "भूकंपाला पंधरा वर्षं होतात. स्मृतिदिनीच लोकार्पण. तेवढीच श्रद्धांजली."

स्वयंपाकघराच्या दारात सरजाबाई उभ्या होत्या. होस्टेलच्या मेसमध्ये भाकरी करायला त्या होत्या, आणि पीठ संपलं हे सांगायला घरी आल्या होत्या. भूकंपात गेलेल्या गावांपैकीच एका गावच्या. त्या पहाटे त्यांची दोन लेकरं आणि सासू घराखाली राहिली. मुग्धाला हे माहीत होतं, कारण एकदा, फक्त एकदाच, पीठ मळता मळता त्यांनी ते सांगितलं होतं.

"ते काय हाय बाई?" सरजाबाईंनी हळूच विचारलं. आवाजावरून त्यांना कळलं होतंच.

"काही नाही सरजाबाई, कॉम्प्युटरवर..."

"बंद करा ते," त्या म्हणाल्या आणि पिठाचं न सांगताच मागच्या दाराने निघून गेल्या.

सर लॅपटॉपकडेच बघत होते. मुग्धा म्हणाली, "अहो, ते हलणारं काढून टाका. बाई उठून गेल्या."

"अगं, इफेक्ट आहे तो."

"भूकंपाचा इफेक्ट?"

"वहिनी," अनिमेष समजुतीच्या सुरात म्हणाला, "इमोशनल कनेक्ट म्हणतात त्याला. आणि सर, एक आयडिया. त्या बाई भूकंपग्रस्त आहेत ना? त्यांचाच सत्कार ठेवू. स्टेजवर. रिअल व्हिक्टिम. टच होईल."

"उत्तम," सर म्हणाले.

मुग्धाने बश्या उचलल्या. जेवताना सांगायचं तिने रहित केलं. ज्याला दारातून उठून गेलेली बाई दिसली नाही, त्याला फीड काय समजावणार?

सरजाबाईंना तिने परोपरीने सांगितलं की येऊ नका, आजारी आहे म्हणा. पण सरांनी निरोपावर निरोप पाठवले, मेसच्या ठेकेदाराने दम भरला आणि बाई गरीब. "जायाच लागंल की वो," त्या म्हणाल्या. "कामाचं हाय. कुटं वाद घालून राहू म्या?"

तीस तारखेच्या सकाळी सर कडक इस्त्रीचा सफारी घालून लवकर बाहेर पडले. मुग्धा कॉम्प्युटरपुढे बसली. एरवी लेख लिहिताना ती चार वेळा खोडायची, वाक्याला धार लावत बसायची. त्या दिवशी एका बैठकीत लिहून झालं. प्रसिद्ध करायचं बटण दाबलं आणि थोड्या वेळाने क्लासचं पोर्टल उघडून पाहिलं. तंत्रज्ञान कट्ट्यावर लेख अगदी वरती, सरांच्या हसऱ्या फोटोखाली येऊन बसला होता. नळी चोख चालत होती. तिने साडी बदलली आणि रिक्षा केली.

हॉल भरला होता. पोरांना युनिट टेस्टची भीती घालून बसवलं होतं, पालकांना मोफत मार्गदर्शनाची लालूच दाखवून. उदगीर, अहमदपूर, मुखेडपासून आलेले बाप पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. आपला पोरगा या सरांच्या हाती दिला की डॉक्टर होऊनच बाहेर पडणार, अशा श्रद्धेने ते मंचावरच्या मोकळ्या खुर्च्यांकडेसुद्धा आदराने बघत होते. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त शिक्षणाधिकारी आणले होते. समोर माइक आला की थांबायचं कसं हे त्यांना नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, नारळ आणि साडी मांडीवर घेऊन, सरजाबाई. खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या, केव्हाही उठता येईल अशा.

दिवे मालवले. मोठ्या पडद्यावर 'लातूर' आलं. घरघर सुरू झाली. हॉलमधले स्पीकर दणदणीत होते, खुर्च्यांचे पत्रे खरोखर थरथरले. मागच्या बाजूला कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. 'तू' कलला, विटा पडल्या.

सरजाबाई उभ्या राहिल्या. साडी आणि नारळ त्यांनी खुर्चीवर ठेवला. मंचाच्या पायऱ्या उतरल्या आणि मधल्या वाटेने, कुणाकडे न बघता, दाराबाहेर चालत्या झाल्या. सोनेरी गुणवत्ता वर येईपर्यंत त्या अंगणात पोहोचल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या काही बायकांनी मान वळवून पाहिलं. एक म्हातारा बाप उठला, टोपी काढून हातात धरली आणि तसाच उभा राहिला. निवेदक म्हणाला, "भावना अनावर झाल्या!" आणि टाळ्या मागितल्या. पडल्याही.

"आता पाहुण्यांच्या हस्ते तंत्रज्ञान कट्ट्याचं उद्घाटन," अनिमेष माइकवर म्हणाला. "सर, इथे क्लिक करा."

शिक्षणाधिकाऱ्यांनी उंदराला हात लावावा तसा माउसला हात लावला. क्लिक झालं. लेख पडदाभर उघडला. वरती ठळक अक्षरांत मथळा होता. समोर मथळा आणि हातात माइक असल्यावर पाहुण्यांना राहवलं नाही. त्यांनी सभेला शोभेल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"भूकंप हा इफेक्ट नसतो!"

पानगावकर सरांनी कौतुकाने मान हलवली.

"जे त्या पहाटे दगडमातीखाली राहिले त्यांच्या अंगावर अक्षरं पडली नव्हती," पाहुणे वाचत होते, आणि त्यांचा आवाज चढत होता. "त्यांची घरं पडली होती. ज्याने हे पाहिलं तो पंधरा वर्षांनी त्याची जाहिरात करणार नाही. आणि जो जाहिरात करतो त्याने काहीच पाहिलेलं नाही." टाळ्या. अगदी कडकडाट. पोरंसुद्धा टाळ्या पिटत होती. ज्यांना हे लागायला हवं तेच पुढच्या रांगेत सगळ्यांत जोराने टाळ्या वाजवत होते. मुग्धाला क्षणभर वाटलं की आपलं सगळं लिहिणं पाण्यात गेलं.

"तुम्ही हे एखाद्या क्लासच्या पोर्टलवर वाचत असाल," पाहुणे पुढे गेले, "तर लक्षात घ्या, की हा लेख त्यांचा नाही. माझ्या ब्लॉगवरून तो न विचारता... उचलला आहे." त्यांचा वेग मंदावला. "इथले सगळेच लेख उचललेले आहेत. उचलणाऱ्याला... वाचता येत नाही, म्हणून तर हा लेखसुद्धा... इथे..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे काय आहे, पानगावकर?"

अनिमेषने झडप घालून लॅपटॉपचं झाकण आपटलं. पडदा निळा झाला. मग अनिमेष माइकमध्ये म्हणाला, "सॉरी, सॉरी. व्हायरस आलाय."

आणि हॉलने सुटकेचा श्वास सोडला. व्हायरस! सगळ्यांना एकदम सगळं समजलं. बाप एकमेकांना सांगू लागले, व्हायरस आला, व्हायरस. पाहुण्यांनी ताबडतोब सूर पकडला आणि 'विद्यार्थी मित्रहो, जीवनातही असे व्हायरस येतात' असं म्हणून पुढचं भाषण पुरवून पुरवून केलं.

सर घरी आले ते घामाघूम होऊन. मुग्धा आधीच परतली होती.

"बघितलंस?" बूट काढता काढता ते म्हणाले. "घातपात आहे हा. नांदेडच्या क्लासवाल्यांचं काम. अनिमेषने छडा लावलाय, कुणी नांदेडकर म्हणून हॅकर आहे. पोलिसात देतो त्याला."

"द्या," मुग्धा म्हणाली. "पत्ता मी सांगते."

"तुला माहीत आहे?"

"मीच आहे नांदेडकर."

सर हसले. मग थांबले. मुग्धाने त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि 'कळ दाबा' उघडून दाखवलं. नुसतं दाखवलं नाही, लेखकालाच उघडता येतो तो आतला भाग उघडला. पहिल्या लेखापासून आजच्यापर्यंत सगळे. सर खाली खाली सरकवत गेले. कीबोर्डच्या लेखाशी आले तेव्हा थबकले. हाच त्यांनी झकास म्हटला होता. कॅलिफोर्नियावाल्यांचे अभिप्राय त्यांनी वाचले. त्यांचा चेहरा जसजसा बदलत गेला तसतशी मुग्धाच्या मनात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, थोडी आशा उगवली. हा माणूस एके काळी खडू आणि फळ्यावर भागवायचा. समजलं तर ह्याला समजेल.

"हे सगळं तू लिहिलंस?"

"हो."

"एवढे लोक वाचतात?"

"वाचतात."

सर मागे रेलले. डोळ्यांत चमक आली. "मग अगं, वेडे, आधी का नाही सांगितलंस? ह्याच्यावर आपल्या क्लासची जाहिरात टाक ना!"

आशा जेवढी उगवली होती तेवढी मावळली. मुग्धा शांतपणे म्हणाली, "सरजाबाई हॉलमधून उठून गेल्या, ते पाहिलंत?"

"भावना अनावर झाल्या त्यांच्या."

"त्यांची लेकरं घराखाली गेली. तुम्ही त्यांना खुर्चीत बसवून ते परत पाडून दाखवलंत. आवाजासकट."

"हे बघ, भूकंप मला शिकवू नकोस," सर उसळले. "मी इथेच होतो. महिनाभर मैदानात झोपलोय मी."

"मैदानात झोपलात. आम्ही तिकडे हातांनी माती उपसली," मुग्धा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ते हलणारं उद्या पोर्टलवर दिसलं तर मी रोज एक लेख लिहीन. आणि यापुढे प्रश्नपत्रिका दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या."

सर उठून आत गेले.

हलणारी अक्षरं निघाली. मुग्धाच्या म्हणण्याने निघाली की त्या रात्री दोन-चार पालकांनी फोन करून 'म्हातारी का उठून गेली हो?' असं विचारलं म्हणून निघाली, हे सरांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिच्या मते दुसरंच कारण खरं होतं. क्लासला भूकंप परवडतो, फोन परवडत नाहीत. तंत्रज्ञान कट्टाही गेला. त्या जागी आता 'लवकरच येत आहे' अशी पाटी फिरत असते. सरजाबाई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. मुग्धा मुद्दाम मेसमध्ये जाऊन आली. "काढलं बरं का ते," ती म्हणाली. सरजाबाईंनी भाकरी थापता थापता "हाव" म्हटलं, बाकी काही नाही. सत्काराची साडी त्यांनी घेतली नाही. ती ऑफिसच्या कपाटात पडून आहे, पुढच्या सत्काराला उपयोगी येईल म्हणून.

अनिमेषचं काहीएक वाकडं झालं नाही. असल्या माणसांचं होत नसतं. महिन्याभरात तो नांदेडला एका क्लासचं पोर्टल करायला गेला. मुग्धाने ते उघडून पाहिलं. तिथे अक्षरं गोदावरीत तरंगत येतात आणि मधोमध कमळ उमलतं. कमळात फोटो. तिचा फीड मात्र त्याने घेतला नव्हता. कुणा दुसऱ्याचा घेतला होता. तिने त्या दुसऱ्या ब्लॉगवाल्याला कळवलं. त्याने उलट कळवलं, 'जाऊ द्या हो सर, तेवढीच आपली प्रसिद्धी.'

'सर' हा शब्द वाचून तिला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याच दुपारी तिने लेखकाचं नाव बदललं. 'मुग्धा पानगावकर, लातूर' असं लिहिलं आणि खाली दोन ओळींत सांगून टाकलं की नांदेडकर म्हणजे मीच, पहिल्यापासून.

कॅलिफोर्नियाला भूकंपाची सवय असते म्हणतात, पण या बातमीने ते वाचक भलतेच हादरले. काहींनी अभिनंदन केलं. एकाने विचारलं, 'नांदेडकर सरांनी ब्लॉग सौभाग्यवतींच्या नावावर केला का?' दुसऱ्याने शेरा मारला, 'भाषा आधीच जरा बायकी वाटत होती.' हाच गृहस्थ चार महिन्यांपूर्वी तिच्या भाषेला रोखठोक आणि मर्दानी म्हणाला होता. तिसऱ्याने, आता पाककृतीही येऊ द्या, अशी सूचना केली. आणि पानगावकर सरांना बाजारात, बँकेत, लग्नात लोक भेटून म्हणू लागले, "सर, वहिनींना चांगलं तयार केलंत हो!" सर नम्रपणे मान झुकवतात. एकदा तर मुग्धा शेजारी उभी असताना त्यांनी मान झुकवली.

तिने ते पाहिलं. घरी येऊन चहा टाकला, कॉम्प्युटर चालू केला आणि चौथ्या अभिप्रायाला उत्तर लिहायला घेतलं. नव्या ब्राउझरमध्ये जोडाक्षरं का तुटतात असं एका मुलीने देगलूरहून विचारलं होतं. तिने 'सर' लिहिलं नव्हतं, 'मॅडम' लिहिलं नव्हतं. सरळ प्रश्न विचारला होता. मुग्धाने तिला खूप सविस्तर उत्तर दिलं.